थायरॉइडचं हार्मोन यकृताच्या पेशीत शिरतं कसं?

मेधा_पार्ले (धागाकर्ती)

थायरॉइडच्या गोळ्यांबद्दलच्या धाग्यावर परवा एकाने लिहिलं होतं, "टी-३, टी-४ रक्तात आले की पेशींमध्ये आपोआप मुरतात." तिथे लिहिलं असतं तर विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा. या 'आपोआप'वर माझा आक्षेप आहे. मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. हा भाग दरवर्षी पोरांना फळ्यावर काढून दाखवते, कारण रक्ताच्या रिपोर्टवरचे आकडे आणि पेशीच्या आतली परिस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच.

यकृतच का? एक तर या विषयातले सुरुवातीचे बरेच प्रयोग यकृताच्या पेशींवर झाले. दुसरं म्हणजे हार्मोन धरून ठेवणारी रक्तातली प्रथिनं यकृतच बनवतं, टी-४ चं टी-३ यकृतात होतं, आणि कोलेस्टेरॉलवर हार्मोनचा जो परिणाम होतो तोही मुख्यतः यकृतातूनच.

थोडी पूर्वपीठिका देते. ग्रंथीतून प्रामुख्याने बाहेर पडतं ते टी-४, म्हणजे थायरॉक्सिन. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. बाहेरच्या कड्यावरचा एक काढला की टी-३ तयार होतं आणि खरं काम तेच करतं. रक्तातल्या टी-३ पैकी सुमारे ८० टक्के ग्रंथीबाहेर, टी-४ पासून बनलेलं असतं. ब्रेव्हरमन, इंगबार आणि स्टर्लिंग यांनी १९७० मध्ये हे माणसांत दाखवलं. ज्यांची ग्रंथी कामच करत नव्हती अशांना टी-४ दिलं, तर त्यांच्या रक्तात टी-३ सापडलं.

आता मुद्दा असा की आयोडीन काढणाऱ्या डीआयोडिनेज एन्झाइमचं काम पेशीच्या आतल्या बाजूला चालतं. टी-३ ज्याला जाऊन चिकटतं तो रिसेप्टर तर थेट केंद्रकात बसलेला असतो. पेशीचं पटल ओलांडल्याशिवाय हार्मोनला काहीही करता येत नाही.

पटल मेदाचं आणि हार्मोनही मेदात विरघळणारं, मग जात असेल आरपार, अशी जुनी समजूत होती. दिसायला तर्कशुद्ध आहे. पण हा रेणू टायरोसिन या अमिनो आम्लापासून घडलेला आहे. त्याच्या एका टोकाला धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, आणि भार असलेलं टोक मेदाच्या थरातून सहजी सरकत नाही.

ही समजूत मोडली ती नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये. क्रेनिंग, हेनेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या यकृतातल्या पेशी सुट्या केल्या, किरणोत्सारी आयोडीन लावलेलं टी-३ त्यांना दिलं आणि ते किती वेगाने आत जातं हे मोजलं. १९७८ मध्ये त्यांनी जे मांडलं ते साध्या झिरपण्यात बसणारं नव्हतं. साधं, किरणोत्सारी नसलेलं हार्मोन जास्त घातलं की खुणेचं हार्मोन आत जायचं कमी होई, म्हणजे जागा मर्यादित आणि त्यासाठी चढाओढ. पेशींची ऊर्जा तोडणारं विष घातलं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खाली आलं, की आत जाणं मंदावे. सोडियमचा पंप बंद करणारं औआबेन घातलं तरी तेच. नुसतं झिरपायचंच असतं तर पेशीत एटीपी किती आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं?

मग ते आत नेणारा वाहक कोण, हे कळायला पुढची पंचवीस वर्षं गेली. त्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहीन, नाहीतर हाच लेख लांबत जाईल.

---

पारिजात

वाचनखूण साठवली. गेली कित्येक वर्षं सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी गोळी घेते, पण ती पुढे जाते कुठे याचा कधी विचार केला नव्हता. वाहकांबद्दल लवकर लिहा.

---

गिरगावकर_आप्पा

मेधाताई, उत्तम धागा. एक शंका. रिपोर्टवर 'फ्री टी-४' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बाकीचं बांधलेलं. ही बांधून ठेवणारी प्रथिनं मग अडथळाच झाली की! यकृत आधी स्वतःच ती बनवणार आणि मग स्वतःलाच हार्मोन मिळायला त्रास, हे काही पटत नाही.

---

मेधा_पार्ले

आप्पा, फार चांगली शंका काढलीत. बांधलेल्याचं प्रमाण ऐकलंत तर अजूनच चक्रावाल. रक्तातल्या टी-४ च्या दर दहा हजार रेणूंपैकी जेमतेम दोन-तीन मोकळे असतात. टी-३ चे तीसेक. टी-४ चा सुमारे तीन चतुर्थांश वाटा थायरॉक्सिन-बाइंडिंग ग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनाकडे, उरलेला ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनकडे. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे ते ग्लोब्युलिन वाढतं, म्हणून एकूण टी-४ चा आकडा वर जातो.

ही प्रथिनं अडथळा आहेत की मदत, याचा फैसला करणारा एक प्रयोग १९८७ मध्ये मेंडेल, वाइसिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. मला हा प्रयोग अतिशय आवडतो, म्हणून तो नीट सांगते.

उंदराचं यकृत. त्यात एका बाजूने, यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून, द्रव सोडायचा आणि दुसरीकडून बाहेर येऊ द्यायचा. यकृताच्या आत हा प्रवाह बारीक वाहिन्यांतून जातो आणि त्यांच्या दोन्ही काठांना पेशींची रांग असते. म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी काही पेशी, मधे काही आणि शेवटच्या टोकाला काही. या द्रवात खुणेचं टी-४ घातलं. एकदा नुसतंच, प्रथिनांशिवाय. एकदा प्रथिनांसकट. मग यकृताचे पातळ काप काढून किरणोत्सारी खुणा कुठे उमटल्या ते पाहिलं.

प्रथिनं नसताना जवळपास सगळं टी-४ तोंडाशी असलेल्या पेशींनीच उचललं. मागच्या पेशी कोरड्या. प्रथिनं असताना मात्र पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंत सारखं वाटप.

म्हणजे प्रथिनं हार्मोन अडवत नाहीत. एका वेळी थोडंच मोकळं सोडतात, ते उचललं गेलं की पुढचं थोडं सोडतात, आणि म्हणून ते शेवटपर्यंत पुरतं.

---

गिरगावकर_आप्पा

वा! आमच्या चाळीत पाण्याच्या वेळेला तळमजल्यावरचे सगळे नळ धो धो सुटले की तिसऱ्या मजल्यावर थेंब येत नसे. खालच्यांनी तोट्या बारीक केल्या की वर येई. अगदी तसंच दिसतंय हे. अडथळ्याची शंका फिटली.

---

निनाद_परळ

मुंबईकरांसाठी थोडी भर. धाग्यात वारंवार 'खुणेचं हार्मोन' येतंय, त्याचा आपल्या शहराशी जुना संबंध आहे. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं. थायरॉइडच्या रुग्णांसाठी किरणोत्सारी आयोडीन तिथे आधीपासून वापरात आहे. आयोडीन-१२५ लावलेलं हार्मोन घेऊन रक्तातलं टी-३, टी-४ मोजायची पद्धत, रेडिओइम्युनोअॅसे, मी उमेदवारीच्या काळात स्वतः केली आहे. हल्ली सगळीकडे प्रकाशावर चालणारी यंत्रं आली, पण नळीत नमुना, प्रतिपिंड आणि खुणेचं हार्मोन घालून काउंटर मोजत बसलेला माणूस 'बांधलेलं आणि मोकळं' ही भानगड आयुष्यात विसरत नाही.

आता एक रोखठोक प्रश्न. मेधाताई, १९७८ च्या कामात ऊर्जा लागते असं दिसलं. पण पुढे सापडलेला एमसीटी-८ हा वाहक तर एटीपी खर्च करत नाही, सोडियमही लागत नाही त्याला. जिकडे जास्त तिकडून कमीकडे, दोन्ही दिशांनी नेतो. हे जुळवायचं कसं?

---

मेधा_पार्ले

निनाद, नेमकं बोट ठेवलंत. वाहकांबद्दल लिहिते म्हणाले होते, ते इथेच लिहिते.

२००३ मध्ये रॉटरडॅमच्याच एडिथ फ्रीसेमा, थिओ व्हिसर वगैरे मंडळींनी दाखवलं की एमसीटी-८ हे प्रथिन टी-३ आणि टी-४ दोन्ही नेतं, आणि तेही निवडून. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुढे त्याचा भाऊबंद एमसीटी-१० सापडला, तो टी-३ जास्त आवडीने नेतो. दोघेही तुम्ही म्हणता तसेच, उताराच्या दिशेने नेणारे.

पण यकृताच्या पेशीवर हे दोघेच नाहीत. तिथे ओएटीपी-१बी१ आणि ओएटीपी-१बी३ आहेत, जे यकृताची खासियत म्हणावी असे. ते बिलिरुबिन उचलतात, कितीतरी औषधं उचलतात आणि थायरॉइड हार्मोनची सल्फेट लागलेली रूपंही उचलतात. एनटीसीपी आहे. त्याचं मुख्य काम पित्ताम्लं सोडियमबरोबर आत खेचण्याचं, पण सल्फेट लागलेलं हार्मोनही तो आत घेतो. (याच एनटीसीपीला धरून हेपॅटायटिस बी चा विषाणू यकृतात शिरतो, हे २०१२ मध्ये कळलं.) एनटीसीपी सोडियमच्या उतारावर चालतो, आणि तो उतार टिकवायला पंप लागतो, पंपाला एटीपी. औआबेनने आत जाणं का मंदावलं असेल याचा एक धागा इथे लागतो, पण पूर्ण उत्तर नाही, कारण सल्फेट नसलेलं साधं टी-४ यकृतात मुख्यतः कोण नेतं यावर अजून एकमत नाही. पंचेचाळीसहून अधिक वर्षांपूर्वी पेशींत मोजलेली गोष्ट खरी आहे, आणि एकेक वाहक वेगळा काढून मोजलेलीही खरी आहे. दोन्हींची पूर्ण सांगड बसायची आहे. मी वर्गात हे असंच सांगते. मुलांना तयार उत्तर हवं असतं, पण इथे ते नाही.

---

सायली_मुलुंड

माझा प्रश्न घरचा आहे, चालेल ना? सासूबाईंना न्यूमोनिया झाला, आयसीयूत ठेवावं लागलं. तिथे सगळ्या तपासण्यांबरोबर थायरॉइडही केलं. टी-३ बरंच कमी, टी-४ ठीक, टीएसएच नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, याला आत्ता काही द्यायचं नाही. आता त्या घरी आल्यात, खाणंपिणं सुधारतंय. पण नणंदबाईंचं म्हणणं, "आकडा लाल आहे आणि गोळी नाही, असं कसं?" मलाही नीट समजावता आलं नाही.

---

मेधा_पार्ले

सायली, अगदी चालेल. सासूबाई बऱ्या होतायत हे वाचून बरं वाटलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे त्यांच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. पण हा आकडा असा का येतो, ते या धाग्याच्या विषयातच बसतं.

माणूस फार आजारी पडला किंवा बरेच दिवस पोटात नीट अन्न गेलं नाही की रक्तातलं टी-३ उतरतं. ग्रंथी धडधाकट असते. टी-४ चं टी-३ करणाऱ्या कारखान्यांपैकी यकृत एक मोठा, आणि आजारात तिथे एकाच वेळी अनेक गोष्टी घडतात.

पहिली, कच्चा मालच कमी आत येतो. उपासमारीत पेशीतलं एटीपी घटतं आणि टी-४ आत जायचं मंदावतं. उंदराच्या यकृतात फ्रुक्टोज सोडून मुद्दाम एटीपी उतरवलं, तेव्हाही हार्मोन आत जाणं कमी झालेलं दिसलं. त्याशिवाय आजाऱ्याच्या रक्तात अशी द्रव्यं वाढतात जी टी-४ ला पेशीत शिरू देत नाहीत. गंभीर आजारात बिलिरुबिन आणि मोकळी मेदाम्लं, मूत्रपिंड निकामी झालं असेल तर इंडॉक्सिल सल्फेट आणि फ्युरानचं एक आम्ल. हे सगळं यकृताच्या पेशींवर तपासलेलं आहे.

दुसरी, आत आलेल्या टी-४ चं टी-३ करणारं पहिल्या प्रकारचं डीआयोडिनेज मंदावतं. ते एन्झाइम सेलेनियमवर चालतं. तिसरी, हार्मोन निकामी करणारं तिसऱ्या प्रकारचं डीआयोडिनेज, जे निरोगी प्रौढ यकृतात जवळपास गप्प असतं, ते गंभीर आजारात डोकं वर काढतं.

परिणाम, टी-३ खाली. टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाच्या पिट्युइटरीकडून थायरॉइडला येणारा हुकूम, मात्र अनेकदा नॉर्मलच राहतं. याला 'लो टी-३ सिंड्रोम' म्हणतात. आजारपणात शरीर खर्च आवरतं घेतं, असा याचा एक अर्थ लावला जातो. असा आकडा दिसला म्हणून हार्मोन दिल्याने फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून सहसा देत नाहीत. पूर्ण बरं वाटल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी किंवा नंतर, तपासणी पुन्हा करायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विचारून घ्या. नणंदबाईंना म्हणावं, आकडा लाल आहे तो आजारपणाचा, ग्रंथीचा असेलच असं नाही.

---

सायली_मुलुंड

मनापासून आभार ताई. आता हे जसंच्या तसं फॅमिली ग्रुपवर टाकते. पुढच्या महिन्यात दाखवायला जायचंच आहे, तेव्हा पुन्हा तपासणी कधी करायची ते विचारते.

---

रेश्मा_फिजिओ

मी लहान मुलांबरोबर काम करते. एमसीटी-८ चं नाव वाचून लिहावंसं वाटलं. ॲलन-हर्नडन-डडली सिंड्रोम म्हणतात तो आजार याच वाहकाचा ना? मान न धरणारी, बसता न येणारी मुलं, आणि रक्तात टी-३ उलट जास्त. पालकांना समजावताना फार कठीण जातं. "थायरॉइड जास्त आहे म्हणता, मग मूल असं का?"

---

मेधा_पार्ले

रेश्मा, हो, तोच. १९४४ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं आणि साठ वर्षांनी, २००४ मध्ये, त्याचं कारण एमसीटी-८ च्या जनुकात सापडलं. जनुक एक्सवर असल्यामुळे आजार मुख्यतः मुलग्यांना होतो.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर या धाग्याच्या गाभ्यातच आहे. मेंदूत हार्मोन शिरायला एमसीटी-८ फार महत्त्वाचा. तो बिघडला की मेंदू हार्मोनविना राहतो. यकृतावर मात्र इतर वाहक असल्यामुळे तिथे हार्मोन जातच राहतं, आणि रक्तात टी-३ जास्त असल्यामुळे जरुरीपेक्षा जास्त जातं. यकृतात बनणारं एसएचबीजी हे प्रथिन या मुलांच्या रक्तात वाढलेलं असतं, ते त्याचीच खूण. वजन भरत नाही, नाडी जलद असते. एकाच मुलात, एकाच वेळी, मेंदूत थायरॉइडचा दुष्काळ आणि यकृतात अतिरेक. रक्त मात्र दोघांना एकच. नुसतं रक्त मोजून शरीरातल्या प्रत्येक अवयवाची हालहवाल कळते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मुलांकडे पाहावं.

ट्रायअॅक नावाचं हार्मोनसारखंच द्रव्य आहे, ज्याला पेशीत शिरायला एमसीटी-८ लागत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉटरडॅमच्या चाचणीत त्याने रक्तातलं टी-३ उतरलं आणि वजन, नाडी यांत सुधारणा दिसली. मेंदूचं झालेलं नुकसान भरून काढणं ही वेगळी आणि अवघड गोष्ट. पालकांना हा फरक स्पष्ट सांगायला हवा असं मला वाटतं, खोटी आशा नको.

---

रेश्मा_फिजिओ

"रक्त एकच, पण मेंदूत कमी आणि यकृतात जास्त" हे असं सांगितलं तर पालकांना कळेल. धन्यवाद.

---

भाऊ_डोंबिवली

माझा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलाय, कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलं की लिव्हरसाठी थायरॉइडचं औषध निघालंय. मग थायरॉइडचीच गोळी घेऊन चालेल का?

---

निनाद_परळ

भाऊ, नाही, अजिबात नाही. मेधाताई सविस्तर लिहितीलच, पण ग्रंथी ठीक असताना थायरॉक्सिन घेतलं तर हृदयाची धडधड वाढणं, हाडं झिजणं, हे सगळं मागे लागतं.

---

मेधा_पार्ले

निनाद यांच्याशी शंभर टक्के सहमत. भाऊ, कृपा करून तो प्रयोग करू नका.

तुमच्या मित्राने ऐकलंय ते औषध बहुधा रेझ्मेटिरोम. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही साध्या फॅटी लिव्हरसाठी नाही. यकृताला सूज असून मध्यम ते पुढच्या टप्प्याचं फायब्रोसिस (व्रणासारखे तंतू साचणं) झालेलं आहे पण सिरोसिस नाही, अशांसाठी, आहार-व्यायामाच्या जोडीने. तुमचं यकृत कुठल्या टप्प्यावर आहे हे नुसत्या सोनोग्राफीवरून ठरत नाही, ते पोटविकारतज्ज्ञच सांगतील.

पण हे औषध या धाग्यावर यायलाच हवं होतं. थायरॉइडच्या रिसेप्टरचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार असतात. यकृतात बीटाचं राज्य, हृदयात अल्फाचं. टी-३ यकृतात बीटाला चिकटलं की एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, उचलणारे रिसेप्टर वाढतात, कोलेस्टेरॉलचं पित्ताम्लात रूपांतर वाढतं, मेद जळतो. थायरॉइड कमी असलेल्यांचं कोलेस्टेरॉल चढतं ते यामुळेच. रेझ्मेटिरोमची गंमत दुहेरी आहे. एक तर ते बीटाला जास्त धरतं. आणि दुसरं, पेशीत शिरायला ते ओएटीपी-१बी१ वापरतं, जो यकृतातच असतो. इतर अवयवांच्या पेशींत त्याला सहज शिरकाव नाही. कोणत्या वाहकाने आत जायचं हे ठरवून औषध एका अवयवापुरतं ठेवता येतं, हे १९७८ मध्ये त्या सुट्या पेशी मोजणाऱ्यांना कळलं असतं तर त्यांना किती आनंद झाला असता!

आणि तुमच्या कामाची गोष्ट. बऱ्याच स्टॅटिनही (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्या) यकृतात शिरायला हाच ओएटीपी-१बी१ वापरतात. या वाहकाच्या जनुकात एक बदल असलेल्यांना सिम्व्हास्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोका जास्त असतो, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणून रेझ्मेटिरोमबरोबर स्टॅटिनचा डोस मर्यादित ठेवायला सांगतात. उद्या कोणी तुम्हाला हे औषध लिहून दिलंच, तर चालू असलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचं नाव आणि डोस त्यांना आधी दाखवा.

---

भाऊ_डोंबिवली

समजलं. थायरॉइडची गोळी डोक्यातून काढली. माझी रोसुव्हास्टॅटिन १० आहे, पाकीटच घेऊन जातो तज्ज्ञांकडे.

---

पारिजात

मेधाताई, एक राहिलं. सकाळच्या गोळीनंतर चहा किती वेळाने? याच धाग्यावर विचारते, रागवू नका.

---

मेधा_पार्ले

रागवायचं काय त्यात! अर्धा ते एक तास थांबा. आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या असतील तर चार तासांचं अंतर ठेवा. ते आतड्यात गोळीला धरून ठेवतात, मग ती रक्तापर्यंतच पुरती पोचत नाही, यकृताची गोष्ट तर पुढची.